आरआरटी : रोबोच्या मार्गनियोजनाची वृक्षपद्धती

आरआरटी (रॅपिडली-एक्सप्लोरिंग रँडम ट्री, म्हणजे झपाट्याने धुंडाळणारा यादृच्छिक वृक्ष) : रोबोने कुठेही न आदळता एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत कसे जावे, हे शोधणारी गणनपद्धती. स्टीव्हन लाव्हाल यांनी ती १९९८ मध्ये अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात मांडली.

सहा सांध्यांच्या रोबो-हाताची स्थिती सहा कोनांनी ठरते. प्रत्येक सांधा ३६० अंश फिरतो असे धरून दर ५ अंशांवर बिंदू घेऊन जाळे विणले, तर बिंदूंची संख्या १३,९३१ कोटींवर जाते. आरआरटी हे जाळे विणतच नाही. आरंभस्थितीपासून ती एक वृक्ष वाढवते. दर फेरीत एक यादृच्छिक स्थिती निवडायची, वृक्षातला तिला सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा, तिथून तिच्या दिशेने ठरावीक लांबीचे पाऊल टाकायचे आणि टक्कर होत नसेल तरच नवा बिंदू जोडायचा. मोठ्या मोकळ्या भागाच्या कडेचे बिंदू अधिक वेळा ‘जवळचे’ ठरतात, म्हणून वृक्ष आपोआप न धुंडाळलेल्या भागाकडे पसरतो. पद्धतीचे खरे बळ हेच. साधारण ५ ते १० टक्के फेऱ्यांत थेट लक्ष्यच निवडतात. हे प्रमाण फार वाढवले की वृक्ष समोरच्या अडथळ्यापाशीच अडकून राहतो.

सर्वाधिक वेळ सहसा टक्कर-तपासणीत जातो. तो वाचवण्यासाठी पावलामधली तपासणी विरळ केली, तर पातळ पत्रा किंवा नळी निसटते आणि ‘सुरक्षित’ मार्गावर हात आदळतो. अंतराचे मापही जपून ठरवावे लागते : पूर्ण फिरणाऱ्या सांध्यात ३५९ अंश आणि १ अंश यांतले अंतर २ अंशच आहे. चाकांच्या रोबोत मीटर आणि कोन यांना योग्य भार दिला नाही, तर शेजारी भलतेच निवडले जातात.

अरुंद वाटेत यादृच्छिक बिंदू क्वचितच पडतात. दोन्ही टोकांकडून वृक्ष वाढवणारी कफनर व लाव्हाल यांची आरआरटी-कनेक्ट (२०००) अनेकदा कितीतरी जलद उत्तर देते, पण वाट मध्यावर अरुंद असेल तर तीही रखडते. मार्ग नाहीच, असे मूळ पद्धत कधी सांगत नाही. म्हणून वेळमर्यादा घालावीच लागते.

सापडलेला मार्ग वेडावाकडा असतो. कारामान व फ्रात्झोली यांनी २०११ मध्ये सिद्ध केले की, मूळ आरआरटी कितीही चालवली तरी सर्वोत्तम मार्गाकडे जात नाही. जवळच्या फांद्या पुन्हा जोडत राहणारी त्यांची आरआरटी-स्टार मात्र जाते. व्यवहारात बहुधा आधी मार्ग शोधून मग त्यावरचे दोन बिंदू सरळ जोडून पाहतात. त्यानंतरही वेग आणि त्वरण ठरवायचे उरतातच. ते न करता मार्ग नियंत्रकाला दिला, तर कोपऱ्यांवर सांधे धक्का खातात.