ट्रॅव्हल्स ऑफिस (खान्देश)

खान्देशात ‘ट्रॅव्हल्स’ म्हणजे रात्री सुटणारी खासगी स्लीपर बस, आणि तिचं तिकीट काढून देणारं दुकानही. इथे दुसरा अर्थ घेतला आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या गावांत बस स्टँडसमोर नाहीतर स्टेशन रोडला असा एखादा गाळा असतोच. आत एक टेबल, मालक, कामाला एक मुलगा आणि लग्नसराईत मदतीला आलेला भाचा.

धंद्याचं रूप गावाला रेल्वे कशी आहे यावर ठरतं. भुसावळ हे मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय. जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या लाइनीवर अमळनेर आणि नंदुरबार लागतात. या गावांत रेल्वेचं तिकीट हाच मुख्य माल. धुळे शहराला चाळीसगावची शाखा तेवढी आहे, पण मुंबई-आग्रा महामार्ग दारात आहे. साहजिकच तिथे बसच्या सीटा आणि भाड्याच्या गाड्या जास्त.

टेबलावर एक जुना असेंबल्ड कॉम्प्युटर असतो. खाली इन्व्हर्टर, आणि इंटरनेट गेलं तर मोबाइलचं हॉटस्पॉट. रेल्वेच्या एजंटाला आयआरसीटीसीकडे नोंदवलेल्या मशीनवरूनच तिकीट काढता येतं. ते मशीन बदलायचं तर नोंदणीची कटकट पुन्हा, म्हणून मशीन कितीही रडत चाललं तरी मालक ते टाकत नाही. स्वतःच्या खासगी आयडीवरून गिऱ्हाइकाची तिकिटं काढून विकणं हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. तत्काळचं बुकिंग एसीला सकाळी दहाला आणि स्लीपरला अकराला उघडतं, पण १ जुलै २०२५ पासून एजंटांना दोन्ही वेळी पहिला अर्धा तास बंदी आहे. हे समजावूनही गिऱ्हाईक साडेनऊलाच येऊन बसतं आणि दर पाच मिनिटांनी विचारतं, “भाऊ, तिकीट व्हयनं का?”

विमानाचं तिकीट मोठ्या एजंटाच्या पोर्टलवरून निघतं. तिथे खरी डोकेदुखी नावाची. आधारवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, शिवाय वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही. शहाणा मालक नाव ऐकून टाइप करत नाही, कार्डाचा फोटो मागवतो.

बसचं काम संध्याकाळी तापतं. सीटांचा नकाशा स्क्रीनवर असतो. बाईच्या शेजारची सीट पुरुषाला जाऊ नये एवढं सॉफ्टवेअर सांभाळतं. पण एरंडोलच्या फाट्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ड्रायव्हरने ओळखावं कसं, हे त्यात बसत नाही. मालक चार्टची प्रिंट काढतो, त्या नावापुढे पेनाने ‘पांढरी टोपी, दोन पोती’ असं लिहितो, फोटो काढून ड्रायव्हरच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि वर फोनही करतो.

सगळ्या यंत्रणेचा जीव मात्र ‘बॅलन्स’मध्ये. रेल्वेचं वॉलेट वेगळं, बसचं वेगळं, विमानाचं वेगळं. आधी पैसे भरा, मग तिकीट काढा. इकडे गिऱ्हाईक केळीचं पेमेंट आल्यावर देणार, नाहीतर पगार झाल्यावर. एकीकडे रोख आगाऊ, दुसरीकडे उधारी, यातल्या फटीत छोटा एजंट बुडतो. संगणक बिघडल्याने बुडालेले त्या मानाने थोडेच. टॅलीत बिलं चढतात, सहलीच्या पॅकेजवर पाच टक्के जीएसटी लागतो, महिन्याचा हिशोब सीएकडे जातो. कोणाकडून किती यायचे आणि कोणाला तगादा लावायचा नाही, हे लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत राहतं.

तिकीट रद्द झालं की वही पुन्हा निघते, कारण एजंटाकडच्या तिकिटाचा परतावा आधी एजंटाच्याच खात्यात येतो. २०१९ पासून त्यासाठी प्रवाशाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. पैसे हातात मिळाल्यावर त्याने तो एजंटाला सांगायचा. म्हणून बुकिंगच्या वेळी खरा नंबर घालणं भाग असतं. पण यावलहून आलेल्या आजीकडे फोन कुठला? नंबर पुण्यातल्या पोराचा दिलेला, आणि पोरगा कंपनीत सेकंड शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. मग आजी बाकावर बसून राहते. ऑफिसातला कामाचा मुलगा चहा आणतो. वहीत तिच्या नावापुढे पेन्सिलीने आकडा पडतो, पोराची शिफ्ट सुटेपर्यंत.