वेस्टन, एडवर्ड पेसन

(१५ मार्च १८३९ – मे १९२९). दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धात्मक चालण्याचा आद्य अमेरिकन खेळाडू. जन्म ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे. १८६० च्या निवडणुकीत लिंकन पडणार, ही पैज हरल्याने तो बॉस्टनहून वॉशिंग्टनला पायी निघाला. सु. ४७८ मैल (सु. ७६९ किमी.) अंतर त्याने १० दिवस १० तासांत तोडले. ४ मार्च १८६१ रोजी तो पोहोचला तेव्हा शपथविधी काही तासांपूर्वीच उरकला होता. १८६७ मध्ये पोर्टलंड (मेन) ते शिकागो चालून त्याने १०,००० डॉलर जिंकले. तेव्हापासून चालणे हाच त्याचा व्यवसाय झाला.

रविवारी खेळ निषिद्ध मानले जात, म्हणून मोठ्या शर्यती सहा दिवसांच्या असत. डिसेंबर १८७४ मध्ये न्यूअर्क येथे सहा दिवसांत ५०० मैल चालणारा वेस्टन हा पहिला मानला जातो. पुढल्याच वर्षी शिकागोत डॅनियल ओलिअरीने त्याला हरवले.

त्याच्या विक्रमांची तुलना करताना एक अडचण येते. ‘टाच-चवडा’ पद्धतीत मागचा पाय उचलण्याआधी पुढची टाच जमिनीला टेकावीच लागे. धावण्यापासून चालणे वेगळे ठरते ते याच क्षणी. सर जॉन ॲस्टली या इंग्रज आश्रयदात्याने विजेत्यासाठी ठेवलेल्या पट्ट्याच्या शर्यतींत मात्र धावण्याचीही मुभा होती. जून १८७९ मध्ये लंडनला वेस्टनने जिंकलेले ५५० मैल अशाच शर्यतीतले असून त्यांतला काही भाग तो धावला. ते चालण्याच्या विक्रमांत मोजण्याचा प्रघात त्यामुळे सदोष वाटतो. त्याची खरी थोरवी न्यूअर्कच्या ५०० मैलांत आणि रस्त्यावरच्या प्रवासांत शोधावी, हे अधिक सयुक्तिक. कंबर हेलकावत टाकलेली त्याची पावले, झालरीचा सदरा आणि हातातली छडी पाहायला गर्दी लोटे.

१८७६ मध्ये लंडनच्या २४ तासांच्या शर्यतीनंतर कोका या उत्तेजक वनस्पतीची पाने चघळल्याचे त्याने कबूल केले. त्या काळी उत्तेजकांवर बंदी नसली तरी वैद्यकीय वर्तुळात वाद पेटला.

१९०७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने शिकागोची वाट पुन्हा तुडवली आणि चाळीस वर्षांपूर्वीची स्वतःचीच वेळ एका दिवसाहून अधिक फरकाने मोडली. १९०९ मध्ये सत्तराव्या वाढदिवशी तो न्यूयॉर्कहून सॅन फ्रॅन्सिस्कोला निघाला. शंभर दिवसांत पोहोचण्याचा पण होता, लागले १०४ दिवस ७ तास. हे अपयश त्याला सलत राहिले. १९१० मध्ये लॉस अँजेलिस ते न्यूयॉर्क हे अंतर त्याने ७७ दिवसांच्या आत पार केले. १९२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या धडकेने त्याचे चालणे थांबले. ब्रुकलिन येथे त्याचा मृत्यू झाला.