पंपाच्या खोक्यावरचा आकडा अन् टाकीत पोचणारं खरं पाणी

नागपुरात आता माशांची चार फुटी टाकी अन् खाली कॅबिनेटमध्ये सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी, असा सेटअप करणारे बरेच जण दिसतात, अन् बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप कोणता घेऊ. मला विचाराल तर आधी पाइपाचं बघा. पंप किती पाणी देईल हे बरंचसं पाइपच ठरवतो, अन् लाइट गेल्यावर हॉलमध्ये पाणी होईल का नाही हे तर सगळंच पाइपावर आहे.

वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या, दात्यांवरून सांडतं, आपल्या वजनानेच खाली सम्पमध्ये येतं, स्पंज-मीडियातून गाळून शेवटच्या कप्प्यात जातं अन् तिथला पंप ते परत वर ढकलतो. खाली यायचा पाइप पुरेसा मोठा असला की जेवढं वर जाईल तेवढंच खाली सांडतं, त्याला वेगळं जुळवत बसावं लागत नाही.

आता खोक्यावरचा आकडा. समजा लिहिलंय ताशी ३००० लिटर, हेड ३ मीटर. लोक हे असं वाचतात की ३ मीटर उंचीवर ३००० लिटर मिळतील, पण तसं नसतं ना. ३००० लिटर म्हणजे उंची शून्य असताना, अन् ३ मीटर म्हणजे जिथं पाणी पाइपात चढून नुसतं उभं राहतं, बाहेर थेंबभरही पडत नाही ती उंची. आपल्या कूलरचा पंपही ह्याच जातीचा, पाइप हातात धरून वर वर नेला की धार कशी बारीक होत जाते ते इथं कोणाला सांगायला नको. सम्पमधल्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या काठापर्यंत साधारण दीड मीटर होतं, म्हणजे ३ मीटर हेडचा पंप तिथं निम्म्याच्या आसपास येतो, अन् त्यात पाइपातलं घर्षण अजून धरलेलंच नाही.

घर्षणाचा हिशोब मला ह्या सगळ्यात भारी वाटतो. पाणी तेवढंच ठेवलं अन् पाइपाचा आतला व्यास वाढवला तर घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने कमी होतं. २० मिमीच्या जागी २५ मिमी केला तर १.२५ चा पाचवा घात होतो ३.०५, म्हणजे पाच मिमी वाढवून नुकसान एक तृतीयांशावर आलं! अन् पाण्याचा वेग दुप्पट केला तर घर्षण जवळपास चौपट. म्हणून पंपाचं तोंड पाऊण इंची आहे तर पाइपही पाऊण इंचीच पाहिजे असं काही नाही, तोंडाला लगेच रिड्यूसर, म्हणजे दोन मापांचे पाइप जोडणारा तुकडा, लावा अन् पुढे एक इंची न्या, इतवारीत लोहाओळीत दोन्ही पाइपांतला पैशाचा फरक विचारून बघा, मोठा पंप घेण्यापेक्षा ते नक्की स्वस्त पडतं. ९० अंशाचा एक एल्बो, म्हणजे पाइप काटकोनात वळवणारा जोड, म्हणजे पाइपाच्या व्यासाच्या साधारण ३० पट लांबीचा सरळ पाइप जोडल्यासारखं आहे, २५ मिमीला हे पाऊण मीटर झालं, तेव्हा कॅबिनेटच्या कोपऱ्यात नीट दिसावं म्हणून चार एल्बो टाकाल तर तीन मीटर पाइप फुकटचा वाढला.

अन् आता लाइट जाते तेव्हाचं. पंप बंद पडला म्हणजे पाइपाचं तोंड बंद झालं असं नाही, आतला पंखा नुसता थांबतो अन् त्याच्या पात्यांच्या मधून पाणी आरामात उलटं जाऊ शकतं. पाइप वरपर्यंत भरलेला आहे, त्याचं वरचं तोंड टाकीत बुडालेलं आहे, म्हणजे तयार सायफन, भरलेल्या पाइपातून पाणी आपोआप खाली ओढलं जातं, टाकीचं पाणी ते तोंड उघडं पडेपर्यंत खाली येतच राहतं. १२० बाय ४५ सेंमीच्या टाकीत एक सेंमी पाणी म्हणजे ५.४ लिटर. तोंड पाच सेंमी खाली असेल तर २७ लिटर खाली येईल, अन् खालून प्रवाह चांगला फिरेल म्हणून २० सेंमी खाली नेलं असेल तर १०८ लिटर, एवढी जागा कोणत्या सम्पमध्ये असते? म्हणून तोंड पाण्याच्या पातळीपासून दोन-तीन सेंमीच खाली ठेवा. नाहीतर पाइपाला पातळीच्या अगदी जरासं खाली एक छोटं भोक पाडा, पाणी तिथपर्यंत उतरलं की भोकातून हवा शिरते अन् सायफन तुटतो. फक्त ह्या भोकात शेवाळ बसतं, कधी बारकी गोगलगाय बसते, टाकी साफ करताना प्रत्येक वेळी काडी फिरवून घ्या.

एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावला की झालं असं दुकानात सांगतात, मला ते पटत नाही. त्याची झडप मुळातच प्रवाहाला अडथळा करते, अन् बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे तिच्यावर पांढरा थर चढतो, मग ती पूर्ण बसत नाही. लावायचा असेल तर लावा पण सम्पमधली रिकामी जागा एनआरव्ही नाहीच असं समजूनच सोडा.

जोडणीत पंपाजवळ एक युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, पाहिजेच, नाहीतर पंप धुवायला काढताना पाइप कापावा लागेल. प्रवाह कमी करायचा तर बॉल व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, पाणी ओढायची बाजू कधीच आवळायची नाही. पंपाला लागून वीतभर लवचिक नळी ठेवली की घरघर पाइपातून काचेपर्यंत जात नाही. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर एक दिवस वाळू द्या, साध्या पाण्याने खळखळून घ्या, मगच मासे. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवा म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता खालीच टपकेल, अन् लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, हवाच, ह्यात काटकसर नको.

मे महिन्यात इथं वेगळंच सुरू होतं. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, अन् अशा कोरड्या हवेत उघड्या टाकीचं पाणी भराभर उडतं. पण वरच्या टाकीची पातळी हलत नाही, ती ओव्हरफ्लोने बांधलेली आहे, सगळी तूट पंपाच्या कप्प्यात दिसते. वरच्या टाकीत तीन लिटर म्हणजे अर्धा सेंमी, लक्षातही आलं नसतं, पण ३० बाय ४० सेंमीच्या कप्प्यात तेच अडीच सेंमी होतात. त्यात ४० वॉटचा पाण्यात बुडालेला पंप आपली जवळपास सगळी ऊर्जा शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून सोडतो, ती बाहेर काढायला दिवसाला साधारण १.४ लिटर पाणी उडावं लागतं. शिवाय उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात, कूलरच्या जाळीवर तेच पांढरे होऊन बसलेले दिसतात. म्हणून तूट भरायला बोअरचं नको, आरओचं घाला.

सगळं जोडून झालं की पंप चालू असताना मुद्दाम स्विच बंद करा अन् सम्पमध्ये पाणी कुठपर्यंत चढतं बघा. काठाला चार बोटं शिल्लक ठेवून ते थांबत असेल तर पंप परत चालू करा, पाणी स्थिर झालं की शेवटच्या कप्प्याच्या काचेवर मार्करने रेघ मारा, ह्याच्या वर पाणी भरायचं नाही. दुसरी रेघ पंप हवा ओढायला लागतो त्याच्या दोन बोटं वर. मे महिन्यात दोन-तीन दिवस पातळी बघितली की ह्या दोन रेघांच्या मधलं पाणी किती दिवस पुरतं ते कळेल, अन् गावाला तेवढेच दिवस जा, जास्त जायचं असेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली अन् आरओच्या पाण्याची कॅन ठेवून जा.