जुना लॅपटॉप नेमका अडतो कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ उलटून आठवडा झाला असेल, मिरजेहून मामांचा फोन आला. "अरे, माझा लॅपटॉप बंद पडणार म्हणे. दुकानदार म्हणतो, तसाही तो रखडतोय, भंगारात घाला आणि नवा घ्या." मामा शाळेतून निवृत्त झालेत. गावातल्या जुन्या दस्तांच्या नोंदी ते रोज दोन तास टाइप करत बसतात. लॅपटॉप २०१४ सालचा : चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क.

त्या तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा आधार थांबवला. म्हणजे संगणक बंद पडला असं नाही. तो आदल्या दिवशी जसा चालत होता तसाच दुसऱ्या दिवशीही चालला. थांबलं ते एवढंच की नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना यापुढे आपोआप ठिगळं मिळणार नाहीत. ही बाब गंभीर आहे, तिच्याकडे येतोच. पण "रखडतो" आणि "आधार संपला" ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. दुकानदाराने ती एकत्र बांधली आणि दोन्हींवर एकच औषध सांगितलं : नवा लॅपटॉप. पहिलं दुखणं तर बहुतेक वेळा एका सुट्या भागाचं असतं, आणि तो भाग अर्ध्या तासात बदलता येतो.

दिवाळीत मिरजेला गेलो तेव्हा लॅपटॉप चालू केला आणि घड्याळ लावलं. कामाला लागण्याजोगा होईपर्यंत साडेचार मिनिटं गेली. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर ७%. डिस्क १००%. आणि त्याच डिस्कचा वाचनाचा वेग दर सेकंदाला जेमतेम ०.९ एमबी. तुमचा लॅपटॉप जुना असेल तर हे तीन आकडे आधी बघा. डिस्कला मान वर करायला फुरसत नाही आणि हाती मात्र सेकंदाला एक एमबीसुद्धा येत नाही. हमाल दिवसभर घामाघूम, पण गोदामातून पोतं काही बाहेर निघत नाही. असं का व्हावं?

हार्ड डिस्कच्या आत आरशासारखी चकचकीत तबकडी असते. तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो आणि माहिती त्यावरच्या एकात एक वर्तुळांमध्ये लिहिलेली असते. तबकडीवरून एक बारीक दांडी आत-बाहेर सरकते. तिच्या टोकाला वाचणारं डोकं असतं आणि ते तबकडीला न टेकता हवेच्या पातळ गादीवर काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगतं. माणसाचा केस त्या अंतरापेक्षा हजारो पटींनी जाड असतो. इतकं नाजूक यंत्र लाखो घरांत वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं, याचं मला आजही नवल वाटतं.

आता गणित करू. लॅपटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते : ५.६ मिलिसेकंद. त्याआधी दांडीला योग्य वर्तुळावर जाऊन स्थिरावायचं असतं, त्यात सरासरी १२ मिलिसेकंद जातात. बेरीज १७.६. म्हणजे सेकंदाला सरासरी ५७ ठिकाणी हात घालता येतो. दर वेळी ४ केबीचा तुकडा उचलला तर हाती लागतात सेकंदाला सुमारे २२८ केबी. आणि हीच डिस्क एखादा सिनेमा सलग वाचायला लागली की सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते. यंत्र तेच, तबकडी तीच, फरक चारशे पटींहून जास्त!

किराणा दुकानात गव्हाचं एक पोतं मागितलं की दुकानदार ते एका फेरीत पाठीवर घालून आणतो. यादी सत्तर पुड्यांची असेल, जिरं माळ्यावर, हिंग गल्ल्यामागे, खोबरं परसातल्या खोलीत, तर वजन पोत्याच्या पावपटही नसताना तास जातो. विंडोज सुरू होणं म्हणजे ही पुड्यांची यादी. हजारो छोट्या फाइली, कुठे कुठे पसरलेल्या. समजा अशा दहा हजार मागण्या झाल्या. १७.६ मिलिसेकंद गुणिले दहा हजार म्हणजे १७६ सेकंद, जवळपास तीन मिनिटं. प्रोसेसर तेवढा वेळ दारात पिशवी घेऊन उभा. (डिस्क इतकी बावळटही नसते. मागण्यांची रांग लागली की इमारतीतली लिफ्ट जशी वाटेतले मजले घेत जाते तशी ती क्रम बदलून घेते. त्याने थोडा फायदा होतो, पण फिरत्या तबकडीपुढे इलाज नाही.)

मग हाच लॅपटॉप २०१४ साली ठीक कसा चालायचा? तेव्हा मागण्या कमी होत्या. आता पडद्यामागे विषाणूरोधक फाइली तपासतो, शोधासाठी सूची बनते, अपडेट उतरतात, ब्राउझर फुगत जातो, आणि प्रत्येकजण त्याच एका दांडीला आपल्याकडे ओढतो. वर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, फक्त ४ जीबी. रॅम भरली की विंडोज त्यातली सध्या न लागणारी पानं डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. त्याला आपण एक सेकंद समजू. त्या मापाने हार्ड डिस्ककडून ती यायला दोन दिवस लागतील. टॅब बदलताना पडदा जो गोठतो, तो या "दोन दिवसांत" गोठलेला असतो.

इथे एक सवय आठवते. आपल्याकडे लॅपटॉप रखडला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. सायबर कॅफेपासून बँकेच्या खिडकीपर्यंत हा जप मी पाहिला आहे. त्या आज्ञेने डेस्कटॉपवरची चिन्हं नव्याने रेखाटली जातात, एवढंच होतं. रॅम मोकळी होत नाही, प्रोसेसरला हुशारी येत नाही. "रजिस्ट्री साफ करा", "रॅम बूस्ट करा" म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं त्याहून वाईट, कारण तीही सुरुवातीलाच चालू होऊन त्याच दांडीला ओढतात. खंडेनवमीला लॅपटॉपला फूल वाहा, माझे मामाही वाहतात. पण त्याच दिवशी मागचं झाकण काढून पंख्यातली धूळही काढावी असं मला मनापासून वाटतं.

बदलायचा तो सुटा भाग म्हणजे ही हार्ड डिस्क, आणि तिच्या जागी बसते ती एसएसडी. एसएसडीमध्ये तबकडी नसते, दांडी नसते, फिरणारं काहीच नसतं. तिच्यात माहिती साठवणारी फ्लॅश स्मृती ही जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची देणगी. १९८४ साली त्यांनी तिचा पहिला प्रकार जगापुढे मांडला, आणि आजच्या एसएसडीत असतो तो नँड प्रकार १९८७ मध्ये. ट्रान्झिस्टरच्या पोटात एक कोठडी असते, चारी बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेली. शाळेत शिकल्याप्रमाणे विद्युतरोधकातून इलेक्ट्रॉन जात नाहीत. पण भिंत काही नॅनोमीटरच जाड असेल आणि बाहेरून पुरेसा विद्युतदाब दिला, तर काही इलेक्ट्रॉन भिंत ओलांडतात. पुंजभौतिकीत याला टनेलिंग म्हणतात. इलेक्ट्रॉन हा तरंगही असतो आणि त्या तरंगाची शेपटी भिंतीपलीकडे पोचलेली असते, म्हणून तो तिकडे सापडण्याची शक्यता शून्य नसते. दाब काढला की आत गेलेले इलेक्ट्रॉन अडकून पडतात, वीज नसतानाही, वर्षानुवर्षं. कोठडीत ते किती आहेत त्यावर तो ट्रान्झिस्टर कोणत्या दाबाला चालू होईल हे ठरतं, आणि वाचन म्हणजे नेमकं तेवढंच तपासणं. आजच्या बऱ्याच एसएसडींत एका कोठडीत आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखून तीन बिट साठवतात. नव्या रचनांमध्ये कोठडीऐवजी सिलिकॉन नायट्राइडचा थर इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, पण तत्त्व हेच.

लिहिताना आणि पुसताना मात्र भिंतीची झीज होते. शिवाय पुसायचं तर मोठा गठ्ठाच एकदम पुसावा लागतो. म्हणून एसएसडीतला नियंत्रक लिखाण सगळीकडे सारखं फिरवत राहतो. एसएसडीला जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं, करू नका. त्याने झीज वाढते आणि मिळत काहीच नाही, कारण इथे प्रत्येक पुडी हाताशीच असते. साध्या एसएसडीला एका मागणीला ०.१ मिलिसेकंद धरा. मघाच्या दहा हजार मागण्या एका सेकंदात उरकतात.

मामांच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. पहिलं काम फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेण्याचं, आणि ते स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती सांगतं. त्यात "रिअलोकेटेड सेक्टर" (निकामी ठरलेल्या जागा) किंवा "पेंडिंग सेक्टर" (धड वाचता न येणाऱ्या जागा) यांचा आकडा शून्याच्या वर असेल तर प्रत घ्यायला उद्याची वाट बघू नका. मामांच्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर २४ निघाले.

लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढली, मागचे दोन स्क्रू काढून डिस्क ओढून घेतली. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड होती, नवी एसएसडी ७. मधल्या अडीच मिलिमीटरसाठी सोबत प्लॅस्टिकची चौकट मिळते ती चिकटवली, नाहीतर एसएसडी खणात हलते आणि जोड सैल पडतो. रॅमही वाढवायची होती, तिथे माझी चूक झाली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घाईत डीडीआर३ ची पट्टी घेऊन गेलो होतो. ती १.५ व्होल्टची असते. या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या, खाचही एकाच जागी. पट्टी बसली, पडदा काळाच राहिला. सांगलीतून बरोबर पट्टी आणेपर्यंत संध्याकाळ झाली. दुकानात जाताना जुनी पट्टी खिशात ठेवा आणि तिच्यावरचं ते "एल" अक्षर दाखवा.

आणखी एक खोड सापडली. दर वेळी बंद करून चालू केला की घड्याळ मागे जायचं आणि बँकेची वेबसाइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडायची नाही. मामांना वाटत होतं विषाणू शिरलाय. मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, लॅपटॉप बंद असताना तो घड्याळ चालवतो. तो संपला होता. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या लेखी साल २०१४ असेल तर २०२५ चं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो ते नाकारतो. सेल बदलला, तक्रार संपली. झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली किंवा टचपॅड वर उचललेला असला, तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका.

आता दुसरं दुखणं. कंपनी एखाद्या भोकाला ठिगळ लावते तेव्हा ते ठिगळ हल्लेखोरही उलगडून वाचतात, आणि भोक कुठे होतं ते त्यांना कळतं. विंडोज १० आणि ११ यांचा बराच गाभा सामाईक आहे. त्यामुळे ११ ला लागलेलं प्रत्येक ठिगळ १० च्या उघड्या भोकाचा पत्ता सांगू शकतं. २०१७ मध्ये १४ मार्चला एका भोकाचं ठिगळ आलं आणि १२ मेला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा जगभर पसरला. दोन महिन्यांत ज्यांनी ठिगळ लावलं नव्हतं ते सापडले. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या किड्याने तेच भोक वापरलं आणि आपल्या न्हावा शेवाला, जेएनपीटी बंदरात, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. म्हणून "मला कोण हॅक करणार" या भरवशावर राहू नये. असा किडा नाव-गाव विचारत नाही, उघडं दार मिळेल तिथे शिरतो.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही किल्ल्या सांभाळणारी सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही अट चुकवून बसवायच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि कोअर टू ड्युओसारख्या यंत्रांवर २०२४ पासूनच्या आवृत्त्या प्रोसेसरमध्ये आवश्यक आज्ञाच नसल्यामुळे सुरूच होत नाहीत. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. हिशेबाचं टॅली किंवा विंडोजवरच चालणारं जुनं मराठी टंकन सॉफ्टवेअर लागतं त्यांनी हे जरूर करावं. ज्यांचं काम ब्राउझर आणि टंकलेखनात भागतं त्यांना मी लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट कार्यप्रणाली) सुचवतो. त्याची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे. मामा इन्स्क्रिप्ट कळफलकावर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात टाइप करतात, त्यामुळे त्यांची एकही फाइल अडली नाही.

मिंट टाकून लॅपटॉप बंद केला आणि बटण दाबायला मामांना दिलं. २४ सेकंदांत पडदा तयार. मामांनी तळहात कीबोर्डच्या डावीकडे टेकला, तिथे अकरा वर्षं एक बारीक थरथर असायची. सेकंदाला नव्वद फेऱ्यांची. त्यांनी हात तसाच ठेवला, कान जवळ नेला आणि विचारलं, "चालू आहे ना रे?"