भेगेतली हळद

खानापूरला एका वरातीत बँजोपुढं नाचणाऱ्या पोराचं कोपर माझ्या फ्लॅशला लागलं. धक्का किरकोळच, पण कट्‌कन आवाज झाला आणि फ्लॅश खाली. कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत, फ्लॅशच्या प्लॅस्टिकच्या पायाचा तुकडा तेवढा अडकून राहिला.

एवढ्याशा धक्क्यानं पाय मोडतो, कारण फ्लॅश म्हणजे लांब दांड्याची तरफ. आयएसओ 518 या मानकानुसार बनणाऱ्या हॉट शूची खाच जेमतेम 18-19 मिलिमीटर रुंद, त्यावर उभा फ्लॅश 18-19 सेंटिमीटर उंच. माथ्यावर 5 किलोचा रेटा आला, की पायाच्या कडेवर तो दसपट, 50 किलोच्या घरात जातो. धक्का नसतानाही सुटका नाही. सेलसकट मोठा फ्लॅश अर्धा किलो भरतो, आणि उभ्या फोटोसाठी कॅमेरा वळवला की तो आडवा लोंबतो. एका लग्नात हे शेकडो वेळा होतं.

घरी तो तुकडा भिंगाखाली धरला. भेग आतल्या काटकोनी कोपऱ्यातून निघाली होती. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला, धातूचं ओतकाम करणारा फाउंड्रीवाला असा कोपरा धारदार ठेवत नाही, गोलाई देतो, कारण ताण नेमका तिथंच एकवटतो. मोडलेल्या जागेचा निम्मा भाग स्वच्छ होता. उरलेला मळका, आणि त्यात हळदीचा पिवळा पट्टा! म्हणजे भेग आधीच पडली होती, कुठल्याशा हळदीत तिच्यात पूड शिरली होती आणि रोजच्या लोंबण्यानं ती केसाकेसानं वाढत होती. त्या पोराला मी उगाच बोललो.

मग धातूचा पाय घ्यावा का? तो सहजी मोडत नाही हे खरं. पण पाय तगला की तोच जोर हॉट शूच्या बारीक स्क्रूंवर आणि कॅमेऱ्याच्या वरच्या कवचावर जातो, आणि तिथली दुरुस्ती फार महाग पडते. मला तर प्लॅस्टिकचाच पाय बरा वाटतो. तो सुटा मिळतो, बदलता येतो. लॉक मात्र घट्ट हवा. पाय खाचेत खुळखुळला, की प्रत्येक हालचालीचा ठोका त्याच कोपऱ्यावर बसतो.

आता हळदीचं काम आटोपलं की मी फ्लॅश काढतो, पाय कोरड्या फडक्यानं पुसतो आणि मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात आतल्या कोपऱ्यात पिवळी रेघ दिसते का, ते बघतो.