यकृताचा सिऱ्हॉसिस आणि 'पातळ' रक्त : पार्श्वभूमी

सिऱ्हॉसिसच्या, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कठीण झालेल्या रुग्णाच्या पोटातलं पाणी काढायचं ठरलं की आधी पीटी-आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा रिपोर्ट बघितला जातो. आकडा 2च्या आसपास असेल तर 'रक्त पातळ झालंय, आधी प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव भाग) चढवू' असं ठरतं आणि नातेवाईक रक्तपेढी गाठतात. ही रीत आली कुठून, हे पाहायला 1935पर्यंत मागे जावं लागतं.

त्या साली अमेरिकेत आर्मंड क्विक यांनी प्रोथ्रॉम्बिन टाइमची (पीटी) चाचणी मांडली. रुग्णाच्या प्लाझ्मात सशाच्या मेंदूचा अर्क आणि कॅल्शियम घालायचं आणि गुठळी धरेपर्यंत सेकंद मोजायचे. निरोगी माणसात साधारण बारा सेकंद लागतात. काविळीच्या रुग्णांत जास्त. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात, तेव्हा यकृत गेलं की रक्त वाहतच राहणार, असा सरळ हिशेब झाला. 1963मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, तेव्हा तो लहानगा रुग्ण रक्तस्राव न थांबल्याने टेबलावरच दगावला. यानंतर त्या हिशेबावर शंका कोण घेणार?

शंका घेण्याजोगा पुरावा 1981मध्ये आला होता. जर्मनीतील एवे यांनी 200 रुग्णांच्या यकृताची बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) दुर्बिणीतून बघत केली आणि सुईच्या छिद्रातून यकृत किती वेळ रक्त गाळतं ते मोजलं. रक्ततपासणीच्या आकड्यांशी त्याचा मेळच बसेना. तरी फारसं कोणी मनावर घेतलं नाही. उलट 1983मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांसाठी रूढ केलेला आयएनआर (पीटीवरून काढलेला आकडा) यकृताच्या रुग्णांनाही सर्रास लावला जाऊ लागला. पुढे तो प्रत्यारोपणाचा क्रम ठरवणाऱ्या मेल्ड गुणांकातही गेला. तिथे तो शोभतो, कारण यकृत किती थकलंय हे त्यातून कळतं. रक्त किती वाहील, हे मात्र कळत नाही.

का कळत नाही, याचा उलगडा 2005मध्ये मिलानच्या त्रिपोदी आणि मानुच्ची यांच्या गटाने केला. यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं, तसं गोठणं आवरणारं प्रोटीन सीसुद्धा बनवतं. सिऱ्हॉसिसमध्ये दोन्ही घटतात. पण प्रोटीन सी कामाला लागायला थ्रॉम्बोमोड्युलिन हवं, आणि ते रक्तवाहिनीच्या अस्तरावर असतं, परीक्षानळीत नाही. म्हणजे क्विक यांची चाचणी तराजूचं एकच पारडं बघत होती. या गटाने थ्रॉम्बोमोड्युलिन घालून मोजलं, तेव्हा सिऱ्हॉसिसच्या रुग्णांत गुठळी धरवणारं थ्रॉम्बिन जवळपास निरोगी माणसाइतकंच तयार झालं. कमी पडलेल्या प्लेटलेटची उणीव प्लेटलेटना चिकटायला मदत करणारा, वाढलेला व्हॉन विलेब्रँड घटक काही अंशी भरून काढतो, हेही लिसमान यांच्या गटाने दाखवलं.

हा समतोल नाजूक असतो. जंतुसंसर्ग झाला, मूत्रपिंडं बिघडली की तो कुठल्याही बाजूला ढळतो, गुठळीच्या बाजूलासुद्धा. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेत गुठळी होणं या रुग्णांत मुळीच दुर्मीळ नाही. 2012मध्ये इटलीतील व्हिला यांच्या गटाने तर 'पातळ' रक्ताच्या या रुग्णांना वर्षभर एनॉक्सापॅरिन हे गुठळी रोखणारं औषध दिलं; गुठळ्या टळल्या आणि रक्तस्राव वाढला नाही.

राहिला प्लाझ्मा. सिऱ्हॉसिसमधला मोठा रक्तस्राव बहुधा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमधून होतो आणि त्याचं मूळ पोर्टल शिरेतला दाब असतो. चढवलेल्या प्लाझ्माने समतोल सुधारत नाही, पण रक्ताचं आकारमान वाढून तोच दाब आणखी चढू शकतो. म्हणूनच 2022च्या बावेनो-7 या तज्ज्ञांच्या शिफारशींनी अशा रक्तस्रावात प्लाझ्मा देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे.