वृद्धांचे पादस्वास्थ्य आणि आधारदायी पादत्राणे

उतारवयात पावलांची त्वचा, नखे, सांधे, रक्तपुरवठा आणि संवेदना यांत होणारे बदल, त्यांतून उद्‌भवणारे विकार, आणि ते टाळण्यासाठी घ्यावयाची निगा व वापरावयाची पादत्राणे यांचा विचार पादस्वास्थ्यात होतो. वृद्ध माणसाचे स्वावलंबन बऱ्याच अंशी त्याच्या चालण्यावर अवलंबून असते. तरीही गुडघेदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात जाणारे ज्येष्ठ पावलांच्या दुखण्याकडे मात्र ‘वयोमानाप्रमाणे होणारच’ म्हणून दुर्लक्ष करतात. हे दुर्लक्ष महागात पडते, कारण दुखरे पाऊल तोल बिघडवते आणि तोल गेल्याने होणारे खुब्याचे अस्थिभंग अनेकांना कायमचे अंथरुणाला खिळवतात.

प्रत्येक पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असून त्यांना स्नायू, कंडरा व अस्थिबंध यांनी बांधून ठेवलेले असते. वयानुसार हे बंध सैलावतात, पाऊलकमान खाली बसते आणि पाऊल पूर्वीपेक्षा लांब व रुंद होते. त्यामुळे वर्षानुवर्षे एकाच मापाची चप्पल घेणाऱ्या व्यक्तीला ते माप नकळत अपुरे पडू लागते. टाचेखालची व चवड्याखालची चरबीची गादी पातळ होऊन हाडांचा दाब थेट त्वचेवर येतो. घोट्याचा सांधा आखडल्यामुळे चालताना पाऊल पुरेसे उचलले जात नाही, आणि उंबरठ्याला किंवा सतरंजीच्या कडेला ठेच लागते. अंगठा करंगळीकडे कलणे, त्याच्या बुडाशी हाड पुढे येणे, बाकीची बोटे आकड्यासारखी वाकणे या विकृतींना चिंचोळ्या टोकाचे बूट मोठा हातभार लावतात.

त्वचेच्या तक्रारींत टाचांच्या भेगा, घट्टे आणि कुरूप या नेहमीच्या होत. भेगांना रोज व्हॅसलीन किंवा साधे मलम चोळल्याने आराम पडतो, परंतु बोटांच्या बेचक्यांत मलम लावू नये, कारण तेथे ओल राहिली की चिखल्या होतात. कुरूप ब्लेडने कापणे किंवा त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारी आम्लयुक्त पट्टी लावणे मधुमेही व्यक्तीने कटाक्षाने टाळावे. नखे सरळ रेषेत कापावीत. कोपरे खोलवर कापल्यास ती मांसात रुततात. डोळ्यांनी नीट दिसत नसेल किंवा वाकता येत नसेल तर हे काम घरातील दुसऱ्या कोणी करणे इष्ट ठरते, आणि ज्येष्ठांनी त्यात संकोच मानू नये.

खरा धोका असतो तो बधिर पावलांना. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंना इजा होऊन वेदना जाणवेनाशी होते. मग चपलेत गेलेला खडा दिवसभर टोचत राहिला तरी कळत नाही, आणि संध्याकाळी पायमोज्यावर रक्ताचा डाग दिसतो तेव्हा जखम झालेली असते. जोडीला रक्तपुरवठा कमी असेल तर ती भरत नाही, चिघळते आणि क्वचित पाय कापण्यापर्यंत वेळ येते. बधिरता तपासण्याची रीत सोपी आहे. नायलॉनचा एक तंतू तळव्याच्या ठरावीक जागी टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. त्या वेळी त्वचेवर १० ग्रॅम इतका दाब पडतो, आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला तो जाणवतो का हे विचारतात. मधुमेहींनी ही तपासणी वर्षातून किमान एकदा करून घ्यावी, आणि घरी रोज तळवे पाहावेत. वाकणे जमत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहता येतात.

बधिर पावलांसाठी भारतात रूढ असलेली ‘एमसीआर’ (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे सूक्ष्मछिद्री रबराची) चप्पल कुष्ठरोगाच्या उपचारांतून पुढे आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांच्या तळव्यावरील जखमा रोगाने मांस सडल्यामुळे होत नसून वेदनाच नसल्याने पुन्हा पुन्हा होणाऱ्या दाबामुळे व इजेमुळे होतात. त्या विचारातून सूक्ष्म छिद्रे असलेल्या मऊ रबराचा सुखतळा आणि त्याखाली टणक तळ अशी चप्पल प्रचारात आली. तिच्यात खिळे वापरत नाहीत, कारण झिजलेल्या तळातून वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही. टाचेमागे पट्टा असतो, कारण सैल चप्पल बोटांनी धरून ठेवणे अशा पायाला जमत नाही. कुष्ठरोगाशी जोडले गेल्यामुळे ही चप्पल घालण्यात काहींना कमीपणा वाटतो, हे दुर्दैवी आहे. मधुमेही पावलासाठी तिच्याइतका स्वस्त आणि विचारपूर्वक घडवलेला पर्याय क्वचितच आढळतो.

बधिरता नसलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र मऊपणाला आधार समजण्याची चूक सर्रास होते. जाड, फोमसारख्या तळाची चप्पल दुकानात सुखावह वाटते, पण तिच्यावर पाऊल डुगडुगते आणि जमिनीचा अंदाज मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. पातळ व काहीशा कठीण तळावर वृद्धांचा तोल अधिक चांगला राहतो, असे या विषयावरील संशोधनात आढळले आहे. पादत्राण पारखताना टाचेमागची भिंत चिमटीत दाबून पाहावी, ती चेपता कामा नये. तळ चवड्यापाशी वाकावा, मध्यभागी दुमडू नये. आणि पिळवटून पाहिले असता सहज पिळला जाऊ नये. टाच अडीच सेंटिमीटरहून कमी उंचीची व रुंद बुडाची असावी. बांधण्यासाठी बकल, लेस किंवा वेल्क्रो असावे. हातांत संधिवात असलेल्यांना वेल्क्रो सोयीचे पडते. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा मोकळी राहावी. दिवसभरात पायांवर सूज चढत असल्याने खरेदी संध्याकाळी करावी, आणि माप दोन्ही पायांचे, उभे राहून घ्यावे.

आपल्याकडील गुंतागुंत घराच्या आत आहे. चप्पल उंबऱ्याबाहेर काढण्याची रीत स्वच्छतेच्या दृष्टीने उत्तम आहे, पण वृद्ध व्यक्ती दिवसाचा बराचसा वेळ घरातच असते आणि पडतेही बहुधा तेथेच. गुळगुळीत फरशीवर नुसते पायमोजे घालून चालणे विशेष धोक्याचे असते, तर बधिर पायांना अनवाणी चालण्याने इजा होते. म्हणून मागे पट्टा असलेली, खाचा असलेल्या रबरी तळाची एक सँडल केवळ घरात वापरण्यासाठी वेगळी ठेवावी. तिला बाहेरची धूळ लागत नाही, आणि सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांतही ती चालू शकते. अंगठ्यात अडकवायच्या रबरी स्लिपरा न्हाणीघरात झिजलेल्या तळांमुळे घसरतात. त्या वेळेवर टाकून द्याव्यात.

आषाढी वारीत साठी ओलांडलेले वारकरी मोठ्या संख्येने असतात. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर, तेही पावसात, चालावयाचे असल्याने नवी कोरी पादत्राणे घालून निघू नये. आधी काही आठवडे वापरून पायात बसलेली घ्यावीत. मुक्कामावर ओले पायमोजे बदलून बेचक्या कोरड्या कराव्यात. मधुमेही वारकऱ्याने अनवाणी चालण्याचा नेम धरू नये.

पादत्राणांच्या जोडीला व्यायामही लागतो. ऑस्ट्रेलियात पायदुखीने त्रस्त असलेल्या ३०५ ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुखतळे, पादत्राणांविषयी सल्ला, घोट्याचे व पावलाचे घरगुती व्यायाम आणि पडणे टाळण्याची माहिती एकत्रितपणे दिली असता पडण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. भारतात पादचिकित्सा हा स्वतंत्र व्यवसाय अद्याप रुजलेला नाही. ही जबाबदारी मधुमेहतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्यात विभागली जाते, आणि पट्टा सैल करून देणारा, झिजलेली टाच बदलणारा कुशल चर्मकारही तिच्यात मोलाचा वाटा उचलतो. पावलाचा रंग बदलणे, एकाच पायाला अचानक सूज किंवा उष्णता येणे, दुर्गंधी अथवा स्राव असलेली जखम दिसणे, चालताना पोटरीत कळ येऊन थांबावे लागणे यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरांना दाखवावे.